थोरलीच्या नावावर

फॉर्म भरणं हा माझा धंदा आहे. पौडला कचेरीच्या वाटेवर माझं लहानसं दुकान आहे. झेरॉक्स, उतारे, दाखले, पासपोर्टची तारीख घेणं, असं सगळं मी करते. चौदा वर्षं झाली. माणसं दुकानात येतात ती भेदरलेली असतात, कारण कागद त्यांना प्रश्न विचारतो. मी कागदाला घाबरत नाही. त्याला काय हवं असतं ते मला कळतं आणि ते मी त्याला देते. या हुशारीचा मला फार अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करणार नाही.

माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. शिकायला गेला आणि तिथलाच झाला. बायको आणली, घर घेतलं, मुलगा झाला. गेल्या वर्षी त्यानं आईला कायमची तिकडे न्यायचं ठरवलं. आई सदुसष्ट वर्षांची. आमचं घर पौडच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत. घराच्या मागच्या बाजूला चार खोल्या आहेत आणि त्यात कंपनीत जाणारी मुलं भाड्यानं राहतात. आई त्यांच्या चपला कुठे काढायच्या यावरून त्यांच्याशी भांडते आणि आजारी पडली तर त्यांना भातही करून घालते. मी लग्नानंतर चार वर्षांत माहेरी परत आले ती तिच्याजवळच राहिले. आईला जायचं नव्हतं. पण नातवाचं तोंड फोनवर बघून बघून ती एक दिवस म्हणाली, "जाते बाई. त्याला माझ्या अंगाचा वास तरी कळू दे." मला ते आवडलं नाही. मी तसं बोलले नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

भावानं कागदांची यादी पाठवली. त्यातली मुख्य अट आरोग्य विम्याची. तिकडे आईबापांना राहायला बोलवायचं तर निघण्याआधीच निदान वर्षभराचा विमा काढावा लागतो आणि त्याचा कागद अर्जाला जोडावा लागतो. विमा नाही तर व्हिसा नाही. तिथलं सरकार म्हणतं, तुमची म्हातारी माणसं खुशाल आणा, पण ती आजारी पडली तर आमच्या गळ्यात घालू नका. यात चूक काही नाही. मीही हेच म्हणाले असते.

विमा काढायचा तर तब्येतीचे प्रश्न आले. आणि आईच्या काळजात दोन स्प्रिंगा होत्या.

सात वर्षांपूर्वी आईच्या छातीत कळ आली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर म्हणाले, नळ्या चोंदल्यात, स्प्रिंगा टाकाव्या लागतील, कुठलं रेशनकार्ड आहे? सरकारी योजनेत तेव्हा केशरी कार्डवाल्यांचं ऑपरेशन फुकट होत होतं. आमचं कार्ड पांढरं. वडिलांनी भूगावकडची जमीन विकली तेव्हा ते पांढरं झालं. नंतर जमिनीचे पैसे घराला आणि भावाच्या शिक्षणाला लागले, वडीलही गेले, पण कार्ड मात्र पांढरंच राहिलं. मी दवाखान्याच्या जिन्यात डोकं धरून बसले होते. शेजारी थोरली होती. तिनं पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी सोडली. आत तिचं केशरी कार्ड आणि आधार.

"हे घे. माझ्या नावावर कर," म्हणाली.

थोरली म्हणजे माझ्या आईची सख्खी बहीण आणि सख्खी जाऊही. दोघी बहिणी एकाच घरात, दोन भावांना दिलेल्या. आमच्याकडे पूर्वी असं सर्रास करायचे, भांडण झालं तरी घरातल्या घरात राहतं म्हणून. वयात दोन वर्षांचं अंतर, आणि तोंडावळा असा की बाजारात लोक एकीचा निरोप दुसरीला देत. थोरलीला मूलबाळ झालं नाही. मला आणि भावाला तिनंच न्हाऊ-माखू घातलं. काका गेल्यावर ती तिच्या अर्ध्या घरात एकटी राहायची. मधली भिंत सामाईक, आणि त्या भिंतीला एक कोनाडा आरपार, त्यातून भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या.

मी फॉर्म भरला. कार्डावरचा फोटो आणि खाटेवरची बाई यांच्यात कुणाला फरक दिसला नाही. अंगठ्याचं यंत्र अडलं तेव्हा मी सांगितलं, भांडी घासून आणि भात लावून अंगठे झिजलेत. असं खरंच होतं, माझ्या दुकानात रोज होतं, म्हणून त्या माणसानं मान डोलावली. खाली नातेवाईकाची सही होती आणि पुढे रुग्णाशी नातं. मी सही केली आणि लिहिलं, पुतणी.

तेव्हापासून आई त्या दवाखान्यात थोरली झाली. तीन महिन्यांनी तपासायला जायची ती थोरलीच्या फाइलवर. गोळ्यांच्या चिठ्ठीवर थोरलीचं नाव. आम्ही तिघी यावर हसायचोसुद्धा. आई म्हणायची, "आज तुझं बीपी लई वाढलंय म्हनत्यात," आणि थोरली म्हणायची, "मीठ कमी कर मंग, मला त्रास नको."

बावधनला विम्याचं काम करणारी एक मुलगी होती. लातूरकडची, चांगली शिकलेली, बोलायला गोड. भावानंच तिचा नंबर दिला होता. आईला घेऊन मी तिच्याकडे गेले. तिनं पाणी दिलं, एसी कमी केला आणि प्रश्न वाचायला लागली. मधुमेह? नाही. दमा? नाही. कर्करोग? नाही. "काकू, हृदयाचा काही त्रास, ऑपरेशन, स्टेंट, कधीही?"

"नाही," मी म्हणाले.

आईनं तोंड उघडायच्या आत म्हणाले. त्या मुलीनं खूण केली आणि पुढे गेली. शेवटी तिनं कागद आईपुढे सरकवला आणि समजावलं, "काकू, इथं सही केली म्हणजे सगळं खरं सांगितलंय असं धरतात. तिकडे काही झालं आणि आधीचा आजार लपवलाय असं आढळलं, तर कंपनी एक रुपया देणार नाही. मग सगळा खर्च तुमच्या मुलावर."

आईनं पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. "सही उद्या करते," म्हणाली. आजवर मी सांगितलेल्या ठिकाणी सही करायला तिनं कधी उद्याचा दिवस लावला नव्हता.

आम्ही घरी निघालो. शनिवार होता. लवासाकडे निघालेल्या गाड्यांनी रस्ता भरला होता आणि आमची रिक्षा भूगावात पाऊण तास तुंबली. तिथं, हॉर्नच्या कालव्यात, ती म्हणाली, "तिकडं पडले तर छातीत बघतील का न्हाई?"

"बघतील."

"मंग स्प्रिंगा दिसतील."

"तू पडशील कशाला?"

"मी काय सांगून पडनार हाय व्हय? पोराचं घर इकायला लावतीस का?"

मी चिडले. म्हणाले, होय लिहायचं तर ऑपरेशनचे कागद जोडावे लागतात, त्यावर तुझं नाव कुठं आहे? होय म्हटलं की मी अडकते आणि नाही म्हटलं की तू तिकडे जातेस, मग नाहीच म्हणायचं ना? खरं तर हे सगळं मी आईच्या भल्यासाठी बोलतेय असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. आज कळतं, ते 'नाही' माझ्यासाठी होतं. माझी सही झाकायला.

रात्री मी भावाला फोन लावला. त्याच्याकडे सकाळ होती. ऑपरेशन झालं तेव्हा तो नुकताच तिकडे गेलेला होता. त्याला सगळं पार पडल्यावर कळवलं, पण कुणाच्या नावावर झालं ते सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं एकच विचारलं.

"ताई, मग थोरलीला काही झालं तर ती कुणाच्या नावावर जाणार?"

सात वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी, दिवसाला पन्नास लोकांचे फॉर्म भरणारी.

सकाळी मी पलीकडे गेले. थोरली दारात सुपातला तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि तब्येत विचारली. "मला काय धाड भरलीया," म्हणाली. मी तिच्याकडे नीट पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं कोण जाणे. चेहरा उतरला होता, घोट्यांवर सूज होती. मला मागच्या वर्षीचं आठवलं. शाळेत कुठल्याशा कंपनीनं तपासणी शिबिर भरवलं होतं, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, फुकट काढत होते. थोरली रांगेत उभी होती आणि नंबर आल्यावर निघून आली. म्हशीला पाणी पाजायचं राहिलंय म्हणाली. म्हैस तिनं त्याच्या आदल्या वर्षीच विकली होती. मी तेव्हा हो म्हटलं आणि दुकानाला गेले.

"थोरले, तुला छातीत दुखतं का?"

तिनं खडा शोधल्यासारखं केलं. "चढ चढले की जरा आवळल्यावानी होतं. बसलं की जातं."

"कधीपासून?"

"झाली की दोन वरसं."

"अगं मग बोलली का न्हाईस?"

आता तिनं सूप खाली ठेवलं. "कुटं बोलू? दवाखान्यात गेले तर म्हनतील, बाई, तुमच्या काळजात दोन स्प्रिंगा हायेत. मशीन लावलं की म्हनतील, न्हाईत. मंग कुनाच्या हायेत? आन् कागदावर सही तुझी." ती अगदी शांतपणे सांगत होती, जणू फार दिवसांपूर्वी हिशेब करून ठेवला होता. "मी किती, आज हाय उद्या न्हाई. तुला नवरा न्हाई, शेत न्हाई. दुकान गेलं तर काय करशील?"

मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, इतकी की मी उठून मोरीत गेले आणि उगाच तोंड धुतलं.

दोन दिवसांनी आम्ही तिघी त्याच दवाखान्यात गेलो. मी आधी रांगेत नाव नोंदवलं, थोरलीचं, आणि या खेपेला ते खरं होतं. थोड्या वेळानं आतून नर्सनं नाव पुकारलं. थोरली आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून उठते आहे तोवर आई उभी राहून दारापाशी पोहोचलीही होती. सात वर्षांची सवय. अर्ध्यावर तिला उमगलं. तशीच मागे फिरून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

डॉक्टर तेच होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, एकदा आईकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे. "म्हणजे सात वर्षं मी कुणाला तपासतोय?" ते म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी मला बाहेर बसवलं आणि थोरलीला आत घेतलं.

पुढे दवाखान्यानं माझा लेखी जबाब घेतला, चौकशी झाली, योजनेचे पैसे भावानं भरले. माझं दुकान दोन महिने बंद होतं. गावात लोक जे बोलायचं ते बोलले. त्यातलं बरंचसं बरोबर होतं. हे सगळं मी ज्याला घाबरत होते ते, आणि ते अखेर एवढंच निघालं. बंद शटर आणि चार लोकांचं तोंड. यासाठी थोरलीनं दोन वर्षं चढावर थांबत थांबत काढली होती. आता तर योजनेला कुठलंही कार्ड चालतं, पांढरंसुद्धा.

डॉक्टरांनी आईच्या नावानं पत्र दिलं, त्या स्प्रिंगा या बाईच्या आहेत असं. त्या पत्रावर बावधनच्या मुलीनं नवा अर्ज भरला. या वेळी प्रश्न आला तेव्हा मी गप्प बसले आणि आई स्वतः म्हणाली, "व्हय. दोन हायेत." कंपनीनं विमा दिला, पण हृदयाचं काही झालं तर ते आमच्याकडे नाही असं लिहून दिलं. भाऊ म्हणाला, चालेल, मी बघतो, तू ये. कागद गेले आणि काही महिन्यांनी व्हिसा आला.

थोरलीचे रिपोर्ट त्याआधीच आले होते. तीन नळ्या बंद. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर स्प्रिंगांवर भागलं असतं, आता छाती उघडावी लागेल, आणि हृदय दमलंय. औषधं देऊन ताकद येईतो थांबायचं ठरलं. आईनं भावाला सांगितलं, "मी येत न्हाई. तिचं आजारपन काढायचंय मला." थोरली तिच्यावर खवळली. कोनाड्यातून ऐकू यायचं. "मी नाव दिलं ते तू जगावंस म्हनून. हितं बसून माझं पाय दाबावंस म्हनून न्हाई." आई वाटीत पेज घालून कोनाड्यात ठेवायची.

मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं. आई राहणार होती. थोरलीचं ऑपरेशन होईल, ती बरी होईल, दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी भांडतील आणि मी मधे राहीन. मी केलेली चूक मी निस्तरली असं मी स्वतःला सांगत होते.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेर बाकावर होतो आणि बावधनच्या मुलीचा फोन आला. बिचारीला काही माहीत नव्हतं. आजपासून पॉलिसी सुरू होतेय, काकू पोहोचल्या का, असं तिनं विचारलं. मी आईकडे फोन दिला. आई म्हणाली, "न्हाई गं पोरी, माझी बहीण आत हाय." मग म्हणाली, "तारीख फुडं ढकलता आली तर ढकल. न्हाईतर फाडून टाक."

थोरली ऑपरेशनमधून बाहेर आली. चार दिवस बोललीसुद्धा, आईचा हात धरून. नवव्या दिवशी पहाटे गेली.

तेरावा झाला. आई घरात वावरत होती, भाड्याच्या मुलांना जेवायला घालत होती, माझ्याशी चहा घेशील का एवढं बोलत होती. कोनाड्यात तिनं फळी बसवून घेतली. मला वाटलं, दुःख आहे, निवेल. मग एक दिवस मी दुकानातून आले तर ती बावधनच्या मुलीशी फोनवर बोलत होती. माझ्याकडे बघून थांबली नाही. "जवळची जी असंल ती तारीख टाक, पोरी," म्हणत होती.

मी म्हणाले, "तुला तर जायचं नव्हतं."

"नव्हतं."

"काळजाचा विमा पण न्हाई तिकडं. काही झालं तर?"

"व्हऊ दे."

मग मी ते विचारलं, जे विचारायला नको होतं. "माझ्यावर राग धरून चालली आहेस का?"

ती खाटेवर बसली. मला शेजारी बसायला सांगितलं. पुष्कळ दिवसांनी तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"राग न्हाई गं. तू मला वाचवायलाच केलंस, मला कळत न्हाई व्हय? तिनंबी तुला वाचवायलाच तोंड दाबून धरलं. पर तू समोर आलीस की मला ती दिसती. रोज दिसती. असंच हितं ऱ्हायले तर एक दिवस मी तुला काईतरी बोलंन, आन् ते परत घेता यायचं न्हाई. लांब गेले तर तू माझी लेक ऱ्हाशील."

पुढच्या महिन्यात ती गेली. तिच्या सगळ्या फॉर्मांवर शेवटची नजर मीच फिरवली. एकही चूक नव्हती.